हात वर केल्याशिवाय जकात नाही

टॉलमन मिल्स, व्हरमाँट
१४ ऑक्टोबर

प्रिय ऑरिन,

तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरानं सांगितलेले व्यायाम करतोस, की नेटीला नुसतं ‘झाले’ म्हणून सांगतोस? नेटीचा खोकला गेला का? तिला म्हणावं, मी पाठवलेला मेपलचा पाक तिच्या चहात घालायचा आहे, तुझ्या पॅनकेकवर नव्हे. नवऱ्यापासून लपवून ठेव म्हणावं. तुमचा म्हातारा कुत्रा बिस्किट अजून दारातच आडवा पडतो का? त्याला माझ्याकडून कानामागे खाजव. इकडे मी ठणठणीत. माझ्याबरोबर दुकानात मोजे विणणाऱ्या पर्लची कंबर थंडी पडली की कुरकुरायला लागते. पण तिचं तोंड कंबरेपेक्षा जास्त चालतं, त्यामुळे कंबरेकडे कुणाचं लक्ष जात नाही.

आता मुद्द्याचं. हे तुला वर्तमानपत्रातून कळू नये म्हणून लिहायला बसले. मी सरकारवर खटला भरलाय.

खाली बस आणि पुढचं वाच. मी एकटी नाही. आम्ही काही छोटे दुकानदार आहोत. एक मासेमारीच्या काठ्या विकतो, एक सायकली दुरुस्त करतो, आणि मोजेवाली मी. वकीलबाई तरुण आहे, फी घेत नाही. मी तिला मोजे देते, तेवढे निमूट घेते.

राष्ट्राध्यक्षांनी एका सहीनिशी अख्ख्या जगाच्या मालावर जकात बसवली, ते तुला माहीत आहे. तू टाळ्या वाजवल्यास, तेही मला माहीत आहे. माझी विणायची यंत्रं आपल्या आजीच्या काळातली, हातानं फिरवायची. त्यांच्या सुया जर्मनीहून येतात, कारण इकडे आता कुणी करत नाही. का करत नाही, ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? पण झालंय असं, की जकात एका आठवड्यात एक, दुसऱ्यात दुसरी, तिसऱ्यात स्थगित. तिकडचा सुयावाला फोनवर मला विचारतो, “बाई, माल पोचेल त्या दिवशी तुमच्याकडे जकात किती असेल?” मी म्हटलं, “आमच्याकडे हे एकच माणूस ठरवतो, आणि त्याचंही अजून ठरलेलं नसेल.”

तरी खटला सुयांसाठी नाही, ऑरिन. सुया महाग झाल्या तर मोजे महाग होतील. लोक घेतील, नाहीतर पाय गार पडू देतील. मी शाळेतली ती राज्यघटनेची पुस्तिका पुन्हा काढून वाचली. कर आणि जकाती बसवायचा अधिकार पहिल्याच कलमात आहे, आणि तो संसदेला दिलाय. राष्ट्राध्यक्षाचा पत्ताच दुसऱ्या कलमात लागतो. मी काही शिकलेली बाई नाही, पण पहिलं आणि दुसरं एवढं मला कळतं.

तू रागावणार हे धरूनच लिहिलंय. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला जेवायला याल तेव्हा समोर बसून रागाव. टर्की माझ्याकडे, पम्पकिन पाय नेटीनं भाजून आणायचा.

तुझी बहीण,
लुएला


ब्रेनर्ड फॉल्स, न्यू हॅम्पशायर
२१ ऑक्टोबर

गावसभेच्या सभापतीणबाई,

गुडघा होता तिथेच आहे. नेटी बरी आहे. बिस्किट दारात पडतो.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, चेष्टा करतेस. दुसऱ्यांदा कळलं, की माझी मोठी बहीण खरोखरच माझ्याविरुद्ध कोर्टात उभी राहिली आहे. ‘तुझ्याविरुद्ध नाही’ असं पुढच्या पत्रात लिहू नकोस. लिहिणार हे मला माहीत आहे.

तू ज्या सुयांसाठी जर्मनीला फोन करतेस, त्या सुया मी केल्यात. अठराव्या वर्षी त्या कारखान्यात शिरलो. आकडा वाकवायचा, त्यावर केसाएवढी झडप बसवायची, आणि ती अडकते की नाही हे बोटानं बघायचं. डोळ्यांनी नाही, बोटानं. माझ्या बोटांना अजून ते कळतं. मग बाहेरून स्वस्त सुया आल्या आणि एका शुक्रवारी फाटकाला कुलूप लागलं. त्या सुया बाहेरून आल्या कशा? तुझ्या लाडक्या संसदेनं जकात उतरवली म्हणून. रीतसर हात वर करून, मतं मोजून! तुझ्या पहिल्या कलमानं माझा कारखाना मारला, लुएला. आता इतक्या वर्षांनी कुणीतरी एकजण म्हणतोय की या लोकांचं काहीतरी करू, आणि तू त्याला विचारतेस, ‘परवानगी घेतलीस का?’

दुसरी गोष्ट. त्यानं आणीबाणीचा कायदा वापरला. आणीबाणीत माणूस विचारत बसत नाही, करतो. तुमच्या गावात पूर आला तेव्हा हॉलिस गिलनं काय केलं? तुमचा रस्त्यांचा कारभारी तो. ओढ्यावरची मोरी वाहून गेली, त्यानं दुसऱ्या दिवशी जेसीबी बोलावला, पाइप आणून गाडले, रस्ता केला. गावसभेला विचारलं होतं? नव्हतं. आणि तूच मला फोनवर सांगितलंस, “हॉलिस देवासारखा धावला.” हॉलिसनं केलं तर देव, आणि राष्ट्राध्यक्षानं केलं तर खटला?

तिसरी आणि शेवटची. कारखाना बंद झाला त्या दिवशी आम्हाला शिल्लक सुया घेऊन जा म्हणाले. माझ्या कोठारात कॉफीचे डबे भरून ठेवलेत, तेल लावून. तुझ्या यंत्रांना बसतील, मी बघून ठेवलंय. सगळे देतो. तुझ्या हयातीत संपणार नाहीत, पर्लच्याही नाहीत. तू फक्त त्या कागदावरून नाव काढ.

नाव काढलंस तर डबे घेऊन जेवायला येतो. नाही काढलंस तर माझं ताट लावू नकोस.

ऑरिन


टॉलमन मिल्स
२ नोव्हेंबर

प्रिय ऑरिन,

नेटी बरी आहे हे वाचून बरं वाटलं. तू बरा नाहीस, तेही वाचलं.

तुझ्या सुया मी घेणार नाही.

हे आधी लिहून टाकलं, कारण नंतर लिहिलं असतं तर मला रडू आलं असतं. कोठारातले ते डबे मला माहीत नव्हते असं तुला वाटतं? कारखाना बंद झाला त्या वर्षी तू ते ट्रकमधून उतरवत होतास, तेव्हा मी तुमच्या स्वैपाकघराच्या खिडकीत उभी होते. तू त्यांना तेल लावतोस हे मात्र आता कळलं. पण नाव काढायची किंमत म्हणून दिलेल्या सुयांनी मी मोजे कसे विणू? प्रत्येक फेऱ्याला टोचतील मला.

आता हॉलिसचं. तुला गोष्टीचा अर्धाच भाग माहीत आहे. पूर आला तेव्हा तू फोन केलास. मार्चमध्ये केला नाहीस, म्हणून बाकीचा भाग राहिला.

हॉलिस देवासारखा धावला, हे खरंच. मोरीपलीकडे म्हातारे अडकले होते, त्यांची औषधं अडली होती. त्या वेळी कुणी त्याला ‘सभा भरव’ म्हटलं असतं तर मीच त्याच्या डोक्यात सभापतीची हातोडी घातली असती. पण मार्चमध्ये गावसभेला तो धुतलेला सदरा घालून आला. शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, “मी न विचारता खर्च केलाय. आता विचारायला आलोय.” आणि लोकांनी त्याला काय सोललं म्हणतोस! पाइप कुठून आणले, एवढ्या जाडीचे का, जेसीबीवाला तुझा कोण. बिचारा घामाघूम झाला. मागच्या ओळीत बायका विणता विणता प्रश्न विचारत होत्या, आणि विणणाऱ्या बायकांच्या प्रश्नांतून कुणी सुटत नाही.

तेवढ्यात पर्लनं विचारलं, “हॉलिस, पूर एकाच ओढ्याला आला होता. पाइप दोन जागी कसे लागले?”

दुसरा पाइप त्यानं मेव्हण्याच्या गल्लीत टाकला होता. तिथं कधी थेंबभर पाणी चढलं नव्हतं. जेसीबी आलाच होता, पाइप होताच, मेव्हणा म्हणाला, ‘हॉलिस, हात चालतोय तोवर माझंही करून टाक.’ आणीबाणीच होती ना! हॉलिसचे कान लाल झाले. सभेनं पहिल्या मोरीचा खर्च एका आवाजात मंजूर केला आणि दुसऱ्या पाइपचा नामंजूर. मेव्हण्यानं तो स्वतः भरला. मग आम्ही जेवलो, आणि दुपारी त्याच हॉलिसला पुन्हा निवडून दिलं. मीही दिलं. माणूस चांगला आहे, ऑरिन. चांगल्या माणसाचाही हात एकदा मोकळा सुटला, की तो मेव्हण्याच्या गल्लीपर्यंत जातो.

राष्ट्राध्यक्षांनी हॉलिससारखं करावं, मी खटला मागं घेते. संसदेसमोर उभं राहावं आणि म्हणावं, ‘मी हे केलं, आता विचारायला आलोय.’ पण सरकारी वकील काय म्हणतात? विचारायची गरजच नाही. आणीबाणी आहे की नाही हे तेच ठरवणार, किती दिवस आहे तेही तेच, आणि कोर्टानं त्यात पाहू नये. म्हणे कायद्यात लिहिलंय, राष्ट्राध्यक्षानं आयातीचं नियमन करावं. अरे, नियमन तर मीही करते! आज इतकी वर्षं गावसभेत ती हातोडी माझ्या हातात आहे. कोण आधी बोलेल, कोण खाली बसेल, सगळं मी ठरवते. म्हणून उद्या मी तिथूनच सांगितलं की पुढच्या वर्षी प्रत्येकानं घरपट्टी वाढवून द्यायची, तर मला खुर्चीसकट उचलून बर्फात ठेवतील. आणि बरोबर करतील.

तुझ्या कारखान्याचं मात्र तू म्हणतोस ते खरं. तो तुझ्यावर अन्यायच झाला. ते हात वर करून झालं म्हणून कमी दुखलं असेल, असं मी म्हणणार नाही.

ताट लावलेलं असेल. तू न लावायला सांगितलंस म्हणून मी ऐकेन, असं कधी झालंय का?

लुएला


ब्रेनर्ड फॉल्स
३० नोव्हेंबर

प्रिय लुएला,

ऑरिन लिहीत नाही म्हणून मी लिहिते. त्याला सांगू नकोस. सांगितलंस तर मी म्हणेन, खोकल्याच्या औषधाची माहिती विचारली होती.

आमची तब्येत ठीक. थँक्सगिव्हिंगला आम्ही दोघांनी डब्यातलं सूप खाल्लं. पण तुला हे कळायला हवं म्हणून सांगते. त्या सकाळी तो दाढी करून, चांगला कोट घालून ट्रकमध्ये जाऊन बसला. मी पम्पकिन पाय पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून तयार होते. तो इंजिन चालू करून बसून राहिला. काचेवरचं बर्फ सगळं वितळलं, तरी तो बसूनच. मग आत आला, कोट काढला आणि म्हणाला, “रस्ते निसरडे आहेत.” रस्ते कोरडे होते.

मी त्याला म्हटलं, “तुम्ही दोघं एकाच हाडाचे.” तर म्हणाला, “ते हाड तिच्या बाजूला जास्त गेलंय.”

तुझं ते मोरीचं पत्र त्याच्या कोटाच्या खिशात असतं. मी खिसे तपासत नाही. कोट धुवायला टाकते, तेव्हा आपोआप कळतं.

तुझी,
नेटी


टॉलमन मिल्स
१८ जानेवारी

प्रिय ऑरिन,

तुझा गुडघा, नेटीचा खोकला, बिस्किट, सगळ्यांची आधी विचारपूस. नाताळला पाठवलेले मोजे बसले का? डाव्या मोज्यात टाच थोडी रुंद ठेवलीय, तुझ्या त्या गुडघ्यामुळे तू डावा पाय फेकतोस म्हणून.

वर्तमानपत्रात वाचलंच असशील. खालच्या न्यायालयात आम्ही जिंकलो. न्यायाधीशांनी लिहिलं, की एवढा मोठा अधिकार संसदेनं दिला असता तर तसं स्पष्ट लिहिलं असतं. सरकार वरच्या कोर्टात गेलंय. तोवर जकात आहे तशीच चालू आहे, म्हणजे माझ्या दुकानात जिंकल्याचा फरक काहीच दिसत नाही. सुया तुटतात, जर्मनीचा माल येत नाही. यंत्रांपैकी काही झाकून ठेवलीत. पर्ल त्यांच्यावर चादर घालते आणि म्हणते, “झोपा गं बायांनो, वरचं कोर्ट उठवेल तुम्हाला.”

लोकांचं म्हणशील तर दोन्ही प्रकारचे आहेत. एकानं चिठ्ठी ठेवली, ‘परदेशी सुयांची एजंट.’ मी ती दुकानाच्या काचेवर आतून चिकटवली. लिहिणाऱ्याला दिसू दे की पोचली. दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ आले, चार जोड मोजे घेतले, काचेकडे बघितलं आणि म्हणाले, “अक्षर कुणाचं आहे ते कळलं हो मला, पण मोजे चांगले आहेत, बोलत नाही.” मी ओळखलं. अक्षर त्यांचंच होतं. मोजे बांधून दिले आणि सांगितलं, “ओले झाले तर ऊन पाण्यात धुवा, उकळत्या नाही.”

माझ्याबद्दल तुला काही म्हणायचं असेल तर म्हण. नाव मी काढलेलं नाही, काढणारही नाही. वरच्या कोर्टात हरलो तरी कागदावर तेवढं राहील, की टॉलमन मिल्सच्या एका बाईनं विचारलं होतं.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावसभा आहे, दरवर्षीप्रमाणे. तुला कळवण्यासारखं त्यात काही नाही. नुसतंच लिहिलं.

लुएला


ब्रेनर्ड फॉल्स
५ मार्च

लुएला,

मी आलो होतो.

बाहेरगावच्यांच्या बाकावर, शेगडीच्या बाजूला. एक वर्तमानपत्रवाला, एक कुणीतरी मुलीच्या सोबत आलेली आजी, आणि मी. ज्यांना मत नाही ते सगळे तिथं. टोपी खाली ओढली होती. तू मला बघितलंस की नाही ते ठाऊक नाही. तुझा चेहरा वरून काही सांगत नाही.

मी कशासाठी आलो होतो ते आधी सांगतो. नेटीला ‘दात दाखवायला जातो’ म्हणून आलो. मला खात्री होती, की तुझ्या गावात सगळे तुझ्या बाजूचे, तू तिथं बसून ठराव करून घेशील आणि तो कोर्टात नाचवशील. तो होताना मला बघायचा होता. मग तुला पत्र लिहिणार होतो, चांगलं लांबलचक. वाटेत मनात लिहूनही झालं होतं. त्यातली दोन वाक्यं फार छान होती.

शाळेचा खर्च झाला, बर्फ काढायच्या गाडीवरून भांडणं झाली. शेवटी तू विचारलंस, “आणखी काही?” आणि हॉलिस गिल उठला. तो धुतलेला सदरा तोच असावा. म्हणाला, “मी ठराव मांडतो, की हे गाव लुएला हॅडलॉकच्या खटल्याच्या पाठीशी आहे.” मागून ‘अनुमोदन’ आलं. टाळ्या पडल्या. अर्धे हात वर गेलेसुद्धा होते. मी मनात म्हटलं, हं, आता बघ.

तू हातोडी आपटलीस. “हा विषय नोटिशीत नाही.”

हॉलिस म्हणाला, “अगं, पण हा तुझ्याच बाजूचा आहे!”

“म्हणून दुसऱ्यांदा सांगते. नोटिशीत नाही. जे आज घरी थांबले त्यांना माहीत नव्हतं की हे मताला येणार आहे. त्यात कुणी माझ्याविरुद्धही असेल. हात खाली करा.”

कुणीतरी ओरडलं, “आपलं गाव आहे, लुएला! आज करून टाकू!”

आणि तू म्हणालीस, “पाइप दोन जागी कसे लागले ते मी विसरले नाही, हॉलिस. तू विसरलास का?”

एवढा हशा मी त्या हॉलमध्ये लहानपणापासून ऐकला नाही. हॉलिस स्वतः हसत खाली बसला. तू हसली नाहीस. ‘सभा संपली’ म्हणालीस, आणि लोक बीन्सच्या भांड्यांकडे गेले. पर्लनं मला बघितलं. माझ्या हातात ॲपल पायचा तुकडा कोंबून म्हणाली, “ऑरिन हॅडलॉक, खा नाहीतर निघ, दारात उभा राहू नकोस.” मी निघालो. पाय ट्रकमध्ये खाल्ला.

ती चांगली दोन वाक्यं परत येताना कुठं गेली कुणास ठाऊक.

सबंध वाट मी हाच विचार करत होतो, की तुला ते फुकट मिळत होतं. हात वर होते. एक शब्द न बोलता तू नुसती बसली असतीस तरी झालं असतं. तुझ्या जागी मी असतो तर बसलो असतो.

मग कारखान्याचा विचार आला. ज्या वर्षी जकात उतरवली, त्या वर्षी आमच्या खासदारानं हात वर केला होता. त्याचं नाव मला माहीत होतं. आम्ही सगळ्या सुयावाल्यांनी पुढच्या निवडणुकीत त्याला पाडला. कारखाना परत आला नाही. पण पाडला. सहीनं झालं असतं, तर पाडायला कुणाला गेलो असतो?

माझं मत बदललेलं नाही. जकात हवी. चांगली घसघशीत हवी. काल मी आमच्या खासदाराला पत्र लिहिलं. नेटीनं अक्षर सुधारून घेतलं. असं लिहिलं:

‘मी आयुष्य सुया करण्यात घालवलं आणि मला जकात हवी आहे. पण हे काम राष्ट्राध्यक्षावर सोडून तुम्ही खिशात हात घालून बसलात, ते मला पसंत नाही. उभे राहा. माझ्या बाजूनं असाल तर नाव घेऊन हात वर करा. विरुद्ध असाल तर तेही तोंडावर सांगा. तुमचा हात बघितल्याशिवाय तुम्हाला मत देणं मला जमणार नाही.’

उत्तर येईल असं वाटत नाही. आलं नाही तर पुन्हा लिहीन. माझ्याकडे वेळ आहे.

पार्सलवाला गुरुवारी डबे घेऊन गेला. सगळे नाहीत, थोडे मी ठेवले. अट नाही. झडपा बोटानं बघ, डोळ्यांनी नको.

ऑरिन


टॉलमन मिल्स
१२ मार्च

प्रिय ऑरिन,

आधी गुडघा. एवढा ट्रक चालवल्यावर सुजला असणार. नेटीला खरं सांगितलंस का? सांग. तिला आधीच माहीत आहे. आणि तिचा खोकला? पाक संपला असेल तर कळव. बिस्किटला म्हणावं, आता उन्हाळ्यात भेटायला येते.

मी तुला बघितलं होतं. टोपीवरून नाही, डावा पाय लांब ठेवून बसायच्या तऱ्हेवरून. तू दारातून आलास तेव्हापासून माझ्या हातातली हातोडी घामानं निसटत होती. वाटलं, हा आता उभा राहणार आणि बाहेरगावचा असून बोलणार, आणि मला माझ्या भावाला सगळ्यांसमोर ‘खाली बस’ म्हणावं लागणार. म्हटलं असतंच मी. पण मग रात्रभर झोपले नसते. हॉलिसला खाली बसवणं त्यापुढे काहीच नव्हतं.

आणि तू लिहिलंस तसं मला काही फुकट मिळत नव्हतं. त्या हॉलमध्ये ती ‘एजंट’वाली चिठ्ठी ठेवणारे गृहस्थही बसले होते, मोजे घालून. त्यांचा हात खाली होता. मला दिसला.

डबे पोचले. पर्लनं आणि मी चादरी काढल्या. पहिलाच डबा उघडला आणि मशीनच्या तेलाचा तो वास आला. तू तरुण असताना कामावरून आमच्याकडे जेवायला यायचास तेव्हा तुझ्या अंगाला यायचा तो. पर्ल म्हणाली, “डोळे पूस, सुयांना गंज चढेल.” मी झडपा बोटानं बघितल्या. एकही अडकत नाही. अडकली असती तर तुला लिहिलं असतं, सोडलं नसतं.

सुया ठेवून घेते. नाव कागदावर तसंच आहे.

आता ऐक. हॉलिसनं मांडलेला ठराव पुढच्या वर्षीच्या नोटिशीत येणार आहे. त्यानं आणि पर्लनं सह्या गोळा करायला सुरुवात केलीय, या वेळी रीतसर. पोस्टाच्या भिंतीवर महिनाभर आधी लागेल, घरी बसणाऱ्यांनाही दिसेल. वरच्या कोर्टाचा निकाल तोवर काहीही लागो, आम्ही बोलणार आहोत. आणि बाहेरगावच्या माणसाला बोलू द्यायचं की नाही हे सभा ठरवते, मी नाही. मी विचारेन, “माझ्या भावाला बोलू देण्यात कुणाची हरकत?” हॉलिस हरकत घेईल, गंमत म्हणून. पर्ल त्याला गप्प करेल.

मग तू बोल. घसघशीत जकातीच्या बाजूनं, कारखान्याबद्दल, बोटांबद्दल, सगळं. मला खाली उतरून तुझ्याविरुद्ध बोलायचं आहे, आणि हातोडी हातात धरून आपलं मत सांगायची आमच्याकडे चाल नाही. म्हणून हातोडी मी पर्लच्या हातात देईन. तिनं मला ‘खाली बस’ म्हटलं तर बसेन. तुला म्हटलं तर तूही बसायचंस.

हरलास तर ॲपल पाय तुझ्याकडून. जिंकलास तर पाय माझ्याकडून, आणि राष्ट्राध्यक्षांना मी स्वतः कळवीन की एका गावात तरी लोकांना विचारून तुम्हाला पाठिंबा मिळाला.

तू काय बोलणार आहेस ते आधी लिहून कळव, म्हणजे मला उत्तर तयार ठेवता येईल. आणि या वेळी उत्तराला ऑक्टोबर ते मार्च लावू नकोस. मी पोस्टाकडे रोज जातेच, नोटीस लागायला वर्ष असलं तरी भिंत बघायला. तिथं तुझं पत्रही दिसू दे.

तुझी,
लुएला